पैसे कमी असताना कुत्र्याला काय आणि किती खायला घालावं?

प्रश्न

घरातलं एक उत्पन्न थांबलं आहे आणि महिन्याचा सगळा खर्च नव्याने बसवावा लागतोय, असं एका वाचकाने कळवलं आहे. घरी चार वर्षांची, नसबंदी झालेली, संकर जातीची कुत्री आहे. वजन 24 किलो. आजवर ती 'ग्रेन-फ्री' आणि 'प्रीमियम' असं छापलेलं महागडं ड्राय फूड खात आली आहे, सकाळी एक मग आणि संध्याकाळी एक मग. एका मगातले दाणे काट्यावर ठेवले तर 190 ग्रॅम भरतात. पिशवीवर 100 ग्रॅमला 370 किलोकॅलरी असं लिहिलं आहे. याशिवाय दिवसभरात बिस्किटं, दात साफ राहावेत म्हणून चघळायची एक काडी आणि माणसांच्या ताटातलं काहीबाही. हे खाद्य आता परवडत नाही, पण स्वस्तातलं आणलं तर आपण तिच्यावर अन्याय करतोय असं वाटतं. एका मैत्रिणीचं म्हणणं आहे की भात आणि कोंबडी शिजवून घाला, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगलं तेच. पत्राच्या शेवटी विचारलं आहे: "तिला नीट खायला घालता येत नसेल तर एखाद्या सधन घरी देऊन टाकणं जास्त बरं का?"

उत्तर

आधी तुमचा शेवटचा प्रश्न घेतो, कारण तो मनात घेऊन बाकीचं वाचणं तुम्हाला जड जाईल. नाही, तुम्ही लिहिलेल्या परिस्थितीत तिला देऊन टाकायचं काहीही कारण नाही. चार वर्षांच्या निरोगी कुत्रीला लागणारं पूर्ण पोषण मध्यम किमतीच्या साध्या खाद्यातून मिळतं. तुमच्या पत्रातल्या आकड्यांवरून तर दिसतंय की तिला कमी पडण्याऐवजी बरंच जास्त जातंय. म्हणून कोणती पिशवी घ्यायची ते नंतर पाहू, आधी माप पाहू.

कुत्र्याला दिवसाला किती ऊर्जा लागते याचा अंदाज घरी काढता येतो. साधारण 2 ते 45 किलोच्या कुत्र्यासाठी वजनाला 30 ने गुणायचं आणि त्यात 70 मिळवायचे. ही झाली नुसतं पडून राहायला लागणारी ऊर्जा, किलोकॅलरीत. नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या प्रौढ कुत्र्यासाठी या आकड्याला 1.6 ने गुणतात. नसबंदी झालेली नसेल तर 1.8 ने. तुमच्या कुत्रीचं आजचं 24 किलो वजन धरलं तरी 790 गुणिले 1.6, म्हणजे सुमारे 1265 किलोकॅलरी होतात. तुम्ही नुसत्या दाण्यांतून 1400 देताय. त्यावर बिस्किटं, काडी, ताटातलं. मध्यम आकाराच्या कुत्र्यासाठी बनवलेल्या एका चघळकाडीत 70 ते 100 कॅलरी (इथून पुढे कॅलरी म्हणजे किलोकॅलरीच) सहज असतात, आणि 20 ग्रॅम चीजच्या तुकड्यात 80. हे सगळं धरून आकडा 1600 च्या आसपास जात असणार.

आता तिच्या अंगाला हात लावून बघा. दोन्ही हातांचे अंगठे पाठीच्या कण्यावर ठेवा आणि बोटं पसरून बरगड्यांवरून हलकेच फिरवा. मग तुमचाच एक हात पालथा सपाट धरून दुसऱ्या हाताची बोटं त्याच्या पाठीवरून फिरवा. बरगड्या तशा लागल्या, म्हणजे पातळ आवरणाखाली एकेक मोजता येत असल्या, तर वजन योग्य आहे. मूठ आवळून बोटांच्या टोकदार सांध्यांवरून हात फिरवताना लागतं तसं लागलं तर ती बारीक आहे. आणि तळहाताच्या मांसल भागावरून फिरवल्यासारखं वाटलं, बरगडी शोधायला दाबावं लागलं, तर चरबी चढलेली आहे. वरून पाहताना बरगड्यांमागे कंबर आत गेलेली दिसली पाहिजे आणि बाजूने पाहताना पोट मागच्या पायांकडे वर चढत गेलेलं दिसलं पाहिजे. केस दाट असतील तर डोळ्यांवर विसंबू नका, हातच खरं सांगतात.

पशुवैद्य ही तपासणी 1 ते 9 अशा श्रेणीत नोंदवतात. 4 किंवा 5 म्हणजे उत्तम, आणि 5 च्या वरचा प्रत्येक आकडा म्हणजे साधारण 10 टक्के जास्त वजन. तुमची कुत्री 7 वर असेल तर तिचं योग्य वजन 20 किलोच्या आसपास आहे. आणि खाण्याचं गणित नेहमी योग्य वजनावर मांडायचं. 20 गुणिले 30, अधिक 70 म्हणजे 670, गुणिले 1.6 म्हणजे सुमारे 1070 किलोकॅलरी. यातले जास्तीत जास्त 10 टक्के वरच्या खाण्यासाठी बाजूला काढले की दाण्यांसाठी 960 उरतात. तुमच्या सध्याच्या खाद्याच्या हिशेबाने ते होतात 260 ग्रॅम. तुम्ही घालताय 380.

10 किलोची पिशवी आज तुमच्याकडे 26 दिवस चालते, ती 38 दिवस चालेल. म्हणजे खाद्य न बदलताच खर्चाचा जवळजवळ तिसरा हिस्सा कमी झाला, आणि तिच्या सांध्यांवरचा भारही उतरू लागला. कमी घालणं म्हणजे माया कमी करणं असं तुम्हाला वाटतंय, त्यासाठी एक अभ्यास सांगतो. 48 लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या एकाच वेतातल्या जोड्या लावून त्यातल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खायला दिलं आणि आयुष्यभर नोंदी ठेवल्या. 2002 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कमी खाणाऱ्या गटाचं मध्यक आयुर्मान 13 वर्षं भरलं, दुसऱ्या गटाचं 11.2. सांध्यांची झीजही कमी खाणाऱ्यांना उशिरा सुरू झाली. खाद्य दोन्ही गटांचं एकच होतं, फरक फक्त मापाचा.

मोजायचा मग बाजूला ठेवा आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. मगाने मोजताना हात कधी हलका पडतो कधी जड, आणि दाण्यांचा आकार बदलला की त्याच मगात वेगळं वजन बसतं. सकाळी एकदाच दिवसभराचे 260 ग्रॅम मोजून एका डब्यात काढायचे. दोन्ही वेळचं जेवण त्यातून, आणि 'बस', 'थांब' शिकवताना द्यायचे दाणेही त्यातूनच. डबा रिकामा झाला की दिवस संपला. घरात चार माणसं असतील तर या डब्याचा सगळ्यात मोठा उपयोग हा, की कुणी कितीदा काय दिलं ते विचारावं लागत नाही.

पिशवीवर जो तक्ता छापलेला असतो तो सुरुवातीला धरायला ठीक आहे. पण तो सगळ्या कुत्र्यांसाठी एकच असतो, आणि नसबंदी झालेल्या, दिवसातून दोनदा फिरायला जाणाऱ्या घरातल्या कुत्र्याला बऱ्याचदा जास्त पडतो. 260 हाही अंदाजच आहे, प्रत्येक कुत्र्याची गरज थोडी वरखाली असते. दर दोन आठवड्यांनी वजन करा. बहुतेक पशुवैद्यांकडे जमिनीलगतचा मोठा काटा असतो, तिथे जाऊन नुसतं वजन करून येता येतं. दोन आठवड्यांत अर्धा किलोच्या आसपास उतरलं तर छान चाललंय. काहीच हललं नाही तर आणखी 10 टक्के कमी करा. पण दोनदा कापूनही वजन तिथेच राहिलं तर पुढे स्वतःच्या मनाने कमी करू नका. साध्या खाद्यातली जीवनसत्त्वं आणि खनिजं नेहमीच्या मापाला धरून घातलेली असतात. माप फारच खाली आणलं तर कॅलरीबरोबर तीही घटतात. शिवाय थायरॉइडसारखं कारण असू शकतं. अशा वेळी डॉक्टरांना दाखवा.

ती वाटी चाटून पुसून तुमच्याकडे बघत बसेल. हा भाग कठीण आहे, आणि बरीच घरं इथेच हार मानतात. बघत बसणं म्हणजे उपाशी असणं नव्हे. काही कुत्र्यांची भूक मुळातच भागत नाही. लॅब्रॅडॉर जातीत साधारण चारातल्या एका कुत्र्यात यामागे एका जनुकातला दोष आढळला आहे. दाणे कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून दिले तर जेवण मोठं दिसतं आणि सावकाश खाल्लं जातं. उकडलेलं गाजर, भोपळा किंवा फरसबी, मीठ-मसाला न घालता, थोडी मिसळली तर पोट भरतं आणि कॅलरी फारशा वाढत नाहीत. 100 ग्रॅम उकडलेल्या भोपळ्यात 20 च्या आसपासच असतात.

आता पिशवीकडे वळू.

'प्रीमियम' या शब्दाला खाद्याच्या नियमांत कसलीही व्याख्या नाही. 'ग्रेन-फ्री'ला अर्थ आहे, पण तो चांगलेपणाचा नाही. कुत्र्यांना धान्य पचत नाही ही समजूत चुकीची आहे. माणसाजवळ राहू लागल्यावर कुत्र्यांमध्ये पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यांच्या कितीतरी पट वाढल्या, हे 2013 साली जनुकीय अभ्यासातून पुढे आलं. धान्याची खरी ॲलर्जी थोड्याच कुत्र्यांना असते. खाण्याची ॲलर्जी निघालीच तर ती बहुतेक वेळा गोमांस, दुग्धजन्य पदार्थ किंवा कोंबडी अशा प्रथिनांची असते. उलट धान्य काढून त्या जागी वाटाणा-मसुरासारखी कडधान्यं भरपूर घातलेल्या खाद्यांचा आणि हृदयाचे स्नायू कमजोर होण्याचा काही संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 मध्ये सुरू केली. कार्यकारण सिद्ध झालेलं नाही. पण ज्या शब्दासाठी तुम्ही जास्त पैसे मोजत होता तो सोडताना मनाला लावून घेण्यासारखं काही नाही, एवढं नक्की म्हणता येतं. घटकांच्या यादीत यकृत, हृदय, फुप्फुस अशी 'उपउत्पादनं' दिसली तरी नाक मुरडू नका. पोषणाच्या दृष्टीने हे अवयव उत्तम आहेत आणि खाद्य स्वस्त होण्याचं ते एक प्रामाणिक कारण आहे.

पिशवी उलटी करून मागचा बारीक मजकूर वाचा. पहिली गोष्ट शोधायची ती 'संपूर्ण आणि संतुलित' किंवा 'संपूर्ण आहार' असं विधान, आणि ते कोणत्या वयासाठी आहे ते. बहुतेक ठिकाणी हे विधान अमेरिकेतल्या 'आफ्को' किंवा युरोपातल्या 'फेडियाफ' या संस्थांच्या पोषणमानांवर बेतलेलं असतं. 'पूरक' किंवा 'कॉम्प्लिमेंटरी' असं लिहिलं असेल तर ते खाद्य कितीही सुंदर दिसलं तरी रोजचं जेवण होऊ शकत नाही. प्रौढ कुत्र्यासाठी आफ्कोची किमान मर्यादा, पाणी वगळून उरलेल्या भागात, प्रथिनं 18 टक्के आणि स्निग्ध पदार्थ 5.5 टक्के अशी आहे. वाढत्या पिल्लासाठी 22.5 आणि 8.5. मध्यम किमतीची बहुतेक खाद्यं प्रौढांची मर्यादा आरामात ओलांडतात. त्यामुळे 24 टक्के प्रथिनांपेक्षा 34 टक्केवालं खाद्य तुमच्या कुत्रीला जास्त लाभेल असं समजून पैसे घालू नका.

दुसरी गोष्ट कॅलरी. इथे खूप जण फसतात, कारण आपण किलोचा भाव बघतो. समजा एक खाद्य दुसऱ्यापेक्षा किलोमागे 20 टक्क्यांनी स्वस्त आहे. पण त्यात 100 ग्रॅमला 320 कॅलरी आहेत आणि महागात 400. 1000 कॅलरी द्यायला महागातले 250 ग्रॅम लागतात, स्वस्तातले 312. हिशेब केला तर दोन्हींचा दिवसाचा खर्च अगदी सारखा येतो. त्यातून स्वस्त खाद्य नीट पचत नसेल तर शी मोठी होते, माप आणखी वाढवावं लागतं आणि ते उलट महाग पडतं. म्हणून किलोच्या किमतीला किलोतल्या कॅलरींनी भागून 1000 ने गुणा आणि तो आकडा ताडून बघा.

कॅलरी छापलेल्याच नसतील तर लेबलवरच्या टक्केवारीतून काढता येतात. प्रथिनं, स्निग्ध, तंतू, पाणी आणि राख (म्हणजे खनिजांचा भाग) यांची बेरीज 100 मधून वजा केली की उरतो तो पिष्टमय भाग. राख दिलेली नसली तर ड्राय फूडसाठी 8 टक्के धरा. मग प्रथिनं गुणिले 3.5, स्निग्ध गुणिले 8.5, पिष्टमय गुणिले 3.5, आणि तिन्हींची बेरीज. उदाहरणार्थ प्रथिनं 24, स्निग्ध 12, तंतू 4, पाणी 10, राख 8 असेल तर पिष्टमय भाग 42 उरतो. 84 अधिक 102 अधिक 147, म्हणजे 100 ग्रॅमला 333.

डबाबंद ओलं खाद्य कॅलरीच्या हिशेबात सगळ्यात महाग पडतं. त्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं आणि 100 ग्रॅमला साधारण 80 ते 110 कॅलरी. 20 किलोच्या कुत्र्याचं पोट फक्त त्यावर भरायचं तर दिवसाला किलोभर किंवा त्याहून जास्त लागेल. आवडतं म्हणून चमचाभर वर घालणं वेगळं.

पोत्यातून सुट्टं मिळणारं खाद्य मात्र कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. उत्पादनाची तारीख नाही, खेप क्रमांक नाही, आणि उघड्या पोत्यात किती दिवस हवा लागली ते कळत नाही. मोठी पिशवी किलोमागे स्वस्त असते हे खरं, पण उघडल्यापासून सहा आठवड्यांत संपेल एवढीच मोठी घ्या. दाण्यांवरची चरबी हवेने खवट होते, जीवनसत्त्वं कमी होतात, आणि मग कुत्रा तोंड लावत नाही. दिवसाला 260 ग्रॅमच्या हिशेबाने तुम्हाला 10 किलोची पिशवी बरोबर बसते, 15 किलोची दोन महिने रेंगाळेल. ओळखीत तेच खाद्य घालणारं कुणी असेल तर मोठी पिशवी निम्मी-निम्मी वाटून घ्या. दाणे डब्यात ओतण्यापेक्षा मूळ पिशवीच तोंड घट्ट गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा. डब्याच्या तळाला आणि कडांना जुनी चरबी चिकटून राहते, तीच नव्या दाण्यांना लागते. आणि काही तक्रार करायची वेळ आली तर खेप क्रमांक पिशवीवरच असतो.

मैत्रिणीच्या सल्ल्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तो मनापासून दिलेला आहे आणि पुष्कळ घरांत तसंच केलं जातं. समजा तुम्ही दिवसाला 500 ग्रॅम शिजलेला भात आणि 250 ग्रॅम शिजलेलं, बिनहाडाचं, बिनकातडीचं कोंबडीचं मांस घातलं. कॅलरी बरोबर 1060 च्या आसपास भरतात. प्रथिनं भरपूर. पण या सगळ्या जेवणात कॅल्शियम 0.1 ग्रॅमसुद्धा नाही, आणि तेवढ्या कॅलरीमागे आफ्कोच्या मानाने सुमारे 1.3 ग्रॅम हवं. म्हणजे दहावा हिस्साही नाही. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असतं. असं महिनोन्महिने चाललं की रक्तातलं कॅल्शियम टिकवायला शरीर ते हाडांतून काढू लागतं. प्रौढ कुत्र्यात हे बराच काळ दिसत नाही, म्हणूनच "आमचा तर यावरच ठणठणीत आहे" असं लोक खात्रीने सांगतात. पिल्लांमध्ये मात्र काही आठवड्यांतच हाडं वाकतात, साध्या उडीने मोडतात.

अंड्याच्या कवचाची बारीक भुकटी घातली तर कॅल्शियमचा प्रश्न सुटतो. 5 मिलीच्या एका चमचाभर भुकटीत साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम असतं. पण जस्त, तांबं, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व हे उरतंच. कुत्र्याच्या कातडीत उन्हाने पुरेसं ड जीवनसत्त्व तयार होत नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी 2013 साली पुस्तकांतल्या आणि संकेतस्थळांवरच्या घरगुती श्वानआहाराच्या 200 पाककृती तपासल्या. त्यातल्या 95 टक्के पाककृतींमध्ये एक तरी अत्यावश्यक पोषकद्रव्य कमी निघालं, आणि बहुतेकींत एकाहून अधिक. यातल्या काही पाककृती पशुवैद्यांनीच लिहिलेल्या होत्या.

आणि स्वस्त? दिवसाला 250 ग्रॅम शिजलेलं मांस म्हणजे महिन्याला साडेसात किलो. शिजताना जवळपास पाव वजन कमी होतं, म्हणजे बिनहाडाचं कच्चं मांस 10 किलो विकत घ्यायचं. त्यावर इंधन, वेळ आणि खनिजांची पूड. हे सगळं मांडून 260 ग्रॅम दाण्यांच्या खर्चाशी ताडून बघा. अगदी लहान, पाच-सहा किलोच्या कुत्र्यासाठी हे गणित कदाचित बसेल. तसं करायचंच असेल तर पशुआहारतज्ज्ञाकडून त्या कुत्र्यासाठी ग्रॅममध्ये लिहून घ्यावं आणि त्यातलं काही बदलू नये. 'आज हे नव्हतं म्हणून ते घातलं' इथून बिघाड सुरू होतो.

घरचं अजिबात देऊ नका असं माझं म्हणणं नाही. त्या 10 टक्क्यांत, तुमच्याकडे सुमारे 100 कॅलरींत, घरचं चांगलं बसतं. एक उकडलेलं अंडं 70 कॅलरीचं, सोबत एका मध्यम गाजराचे तुकडे. किंवा 50 ग्रॅम उकडलेली कोंबडी. किंवा शिल्लक राहिलेला पांढरा भात, 75 ग्रॅम. अंडं शिजवूनच द्या. कच्च्या पांढऱ्यातलं ॲव्हिडिन हे प्रथिन बायोटिन हे जीवनसत्त्व बांधून ठेवतं. विकतच्या बिस्किटांची आणि काड्यांची जागा याने घ्यायची, त्यांच्या जोडीला नाही. तुमच्या पत्रातल्या यादीत मला सगळ्यात उधळपट्टीची वाटली ती काडीच. दातांसाठी ती लागत नाही. मऊ ब्रश आणि कुत्र्यांची पेस्ट किंवा नुसतं पाणी घेऊन रोज दोन मिनिटं दात घासले तर काडीपेक्षा चांगला परिणाम होतो. माणसांची पेस्ट नको. त्यात फ्लोराइड असतं, काहींत झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ, आणि कुत्रा ती थुंकत नाही. केस चमकण्याची पूड, मल्टीव्हिटॅमिन, तेलाच्या बाटल्या डॉक्टरांनी एखाद्या कारणाने दिल्या नसतील तर बंद करा. संपूर्ण आहारात ते सगळं आहे, आणि अ, ड जीवनसत्त्वं जास्त झाली तर अपाय करतात.

ताटातलं देताना मात्र कडक राहा. कांदा आणि लसूण, कच्चे असोत, शिजलेले असोत की पूड, कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. 20 किलोच्या कुत्र्याला एका वेळी 100 ग्रॅम कांदा धोक्याचा आहे, पण रोज थोडा थोडा रस्सा देत राहिल्यानेही तेच होऊ शकतं. घरातलं बहुतेक शिजवलेलं अन्न इथेच बाद होतं. द्राक्षं आणि मनुका थोड्या खाऊनही काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, कोणत्या कुत्र्याची ते आधी सांगता येत नाही. चॉकलेट, मद्य, कॉफी, मॅकाडेमिया हा सुकामेवा, यीस्ट घातलेली कच्ची कणीक आणि साखरेऐवजी झायलिटॉल वापरलेलं काहीही नको. शिजलेली हाडं चिरफाळून आतडं फाडतात. चरबीचे तुकडे आणि तळलेलं एकदम जास्त गेलं तर स्वादुपिंडाला सूज येते. स्वस्तात खायला घालायच्या नादात असं एखादं दुखणं ओढवलं तर त्याचा खर्च वर्षभराच्या खाद्याहून जास्त होऊ शकतो.

नवीन खाद्य आणाल तेव्हा जुनं पूर्ण संपू देऊ नका. किलो-सव्वा किलो शिल्लक असतानाच बदल सुरू करा. पहिले दोन-तीन दिवस पाव भाग नवीन, पुढचे दोन-तीन दिवस निम्मं, मग पाऊण, आणि आठवडा ते दहा दिवसांत पूर्ण. नव्या खाद्याच्या कॅलरी वेगळ्या असतील, म्हणून ग्रॅम पुन्हा काढा. शी सैल झाली तर ज्या टप्प्यावर आहात तिथेच दोन दिवस थांबा. रक्त पडलं, उलट्या थांबेनात किंवा ती मलूल झाली तर वाट बघू नका. खाद्य मानवलं की नाही हे सहा-आठ आठवड्यांनी ठरवा: शी घट्ट आणि उचलता येईल अशी, केस कोरडे न पडलेले, उत्साह पूर्वीसारखा, वजन ठरल्याप्रमाणे. एवढं असेल तर त्या पिशवीवर आणखी काय छापलंय याला महत्त्व नाही.

लस, जंताचं औषध आणि गोचीड-पिसवांचा बंदोबस्त यातून पैसे वाचवू नका. आणि डॉक्टरांकडे जाल तेव्हा महिन्याला किती खर्च झेपेल तो आकडा स्पष्ट सांगा. बहुतेक लोक संकोचाने सांगत नाहीत, मग डॉक्टर त्यांच्या दृष्टीने सर्वात चांगलं ते लिहून देतात आणि घरी येऊन ते आणलंच जात नाही. आकडा समोर असला की ते त्यात बसेल असा पर्याय शोधतात. एखादा महिना खरंच निघत नसेल तर प्राणिकल्याण संस्थांकडे चौकशी करा. काही ठिकाणी अडचणीतल्या घरांना खाद्य देण्याची सोय असते. आश्रयगृहात आधीच गर्दी असते, त्यामुळे कुत्रा तिथे येण्यापेक्षा घरीच राहावा यासाठी मदत करायला ते तयार असतात.

हे सगळं प्रौढ, निरोगी कुत्र्यासाठी आहे. इतर वाचकांपैकी कुणाकडे पिल्लू असेल, विशेषतः मोठ्या जातीचं, तर वरची 1.6 ने गुणायची पद्धत आणि कवचाची भुकटी दोन्ही वापरू नका. चार महिन्यांखालच्या पिल्लाला नुसतं पडून राहायला लागणाऱ्या आकड्याच्या तिप्पट ऊर्जा लागते, पुढे वाढ संपेपर्यंत दुप्पट. आणि मोठ्या जातीच्या पिल्लाला कॅल्शियम जास्त झालं तरी हाडांची वाढ बिघडते, म्हणून 'मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी' असं लिहिलेलंच संपूर्ण खाद्य हवं. गाभण आणि पाजणाऱ्या कुत्रीची गरज आठवड्यागणिक बदलते. मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, मूतखडा किंवा स्वादुपिंडाचं दुखणं असलेल्या कुत्र्याला डॉक्टरांनी ठरावीक खाद्य दिलं असेल तर ते परवडत नाही म्हणून परस्पर बदलू नका. त्यांना तसं सांगा आणि त्याच गुणांचं दुसऱ्या कंपनीचं स्वस्त खाद्य आहे का, किंवा मोठी पिशवी मागवता येईल का, ते विचारा.